बटाटा तरंगेपर्यंत मीठ

आमच्या घरात अंडं येत नाही. त्यामागे कुठलं तत्त्वज्ञान नाही. मोठ्या आईच्या सासूने येऊ दिलं नाही म्हणून मोठ्या आईने येऊ दिलं नाही, आणि मोठी आई ऐंशीच्या पुढे गेली तरी अजून उंबरठ्यावर बसलेली असते. घरातली पुरुषमंडळी आमगावला स्टेशनबाहेरच्या गाडीवर उकडलेली अंडी खातात आणि बडीशेप चावत घरी येतात. मोठी आई कोणाचं तोंड हुंगायला जात नाही. दोन्ही बाजूंना सोयीची अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती. ती धानाच्या बियाण्यावरून गोत्यात येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिचा मुलगा माझ्याहून वयाने मोठा, त्याला मी दादा म्हणतो. शेती तो करतो. मी गोंदियाला शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि आता मृगाच्या सुमारास गावी येऊन राहतो. मदतीला आलो असं मी म्हणतो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, ते ऐकून घेते आणि माझ्यासाठी चहा ठेवते.

दादा प्रगतिशील शेतकरी आहे. हे विशेषण मी दिलेलं नाही. तालुक्याच्या एका कार्यक्रमात शाल आणि नारळासोबत ते त्याला मिळालं. नारळ आम्ही खाल्ला, शाल ट्रंकेत गेली, विशेषण मात्र त्याने अंगावरून उतरवलं नाही. तेव्हापासून तो दोन भाषा बोलतो. घरी आपली झाडीबोली, आणि माइक दिसला की 'सदर वाणाची उगवणक्षमता समाधानकारक असून' वगैरे. दोन्ही भाषांत माणूस एकच आहे आणि तो चांगला आहे, एवढं सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.

तळ्याखाली, सडकेला लागून आमची एक बांधी आहे. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातलेल्या धानाच्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. या बांधीत मोठी आई दरवर्षी तिचं सुगंधी धान लावते. दाणा बारीक, कुसळ लांब, पीक उशिराचं आणि उतारा कमी. गावात त्याला 'बुढीचं धान' असंच म्हणतात. कोणाच्या घरी बाळंतपण झालं की पेजेसाठी त्याचे तांदूळ आमच्याकडून जातात, आणि ते जाताना मोठी आई पेज कशी करायची हेही सांगते, मागणारीने दहा वेळा केलेली असली तरी. पूर्वी हे बियाणं गावातल्या बऱ्याच घरांत होतं. आता ते फक्त तिच्या स्वयंपाकघरातल्या एका मडक्यात उरलं आहे. आणि धानाचं बियाणं मडक्यात ठेवलं म्हणून टिकत नाही. दोन पावसाळे गेले की ते खाण्यापुरतं राहतं. एक वर्ष लावलं नाही तर संपलं, आणि ते कुठल्या दुकानात पुन्हा मिळणार नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी दादाला ती बांधी हवी होती. त्याच्या शेतात सुधारित वाणाचं प्रात्यक्षिक ठरलं होतं, आणि प्रात्यक्षिकाचा बोर्ड सडकेवरून दिसावा अशी त्यात अट होती. अट कोणी घातली हे मी विचारलं नाही. बहुतेक त्यानेच.

"माय, औंदा तळ्याखालच्या बांधीत माहं सुधारित टाकतो. बोर्ड लागून राहिला तिथी," तो जेवताना म्हणाला.

"बोर्डाले बांधी कायले पायजे? धुऱ्यावर गाड."

"बोर्डावर एक लिवलं, अन् मांगं दुसरंच उभं. लोक हासतीन."

"हासू दे. हासाले का लागते त्यायले?"

दादाने भात कालवला आणि मग बोलू नये ते बोलला. "तुह्या धानात दम नाई राहिला आता. अर्धं पोचट आहे."

वहिनीने माझ्या ताटात न विचारता वरण वाढलं. आमच्या घरात कोणी जास्त बोललं की ती दुसऱ्याच कोणाच्या तरी ताटात वाढते.

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीपुढे बियाण्याचा कार्यक्रम झाला. मांडव घातला होता, आणि हजेरीही बरी होती, कारण शेवटी नाश्ता आहे असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. प्रमुख पाहुणे उशिरा आले. ते वेळेवर आले असते तर लोकांना ते प्रमुख आहेत की नाही अशी शंका आली असती. मंचावरच्या प्रत्येकाला गुलाबाचं फूल, मग उरलेल्या फुलांचं काय करायचं म्हणून खालच्या काहींनाही फूल. मधोमध टेबलावर पाण्याची बादली होती, तिलाही झेंडूचा हार होता. मी आयुष्यभर बादलीतल्या पाण्यावर प्रयोग केले, पण बादलीचा सत्कार तोवर पाहिला नव्हता.

बाहेरगावाहून आलेल्या मार्गदर्शकांनी पिशवीतून एक डबी काढली. डबीत कापूस, कापसात अंडं. त्यांनी अंडं बादलीत सोडलं, ते बुडालं. मग मिठाची पुडी फोडून ते मूठमूठ मीठ टाकत गेले, ढवळत गेले, आणि पुडी अर्धी व्हायच्या आत अंडं वर आलं. टाळ्या पडल्या. मग पाहुण्यांच्या हस्ते धान टाकण्यात आलं. चांगले दाणे खाली गेले, पोचट वर राहिले, आणि पोचट दाणे चाळणीने काढताना पाहुण्यांचा फोटो घेण्यात आला. मार्गदर्शक मधे 'तीन टक्के द्रावण' असं एकदा म्हणाले. टक्के कोणाच्या लक्षात राहिले नाहीत, माझ्याही नाही. अंडं सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

दादाने उठून माइक मागून घेतला. "ज्या कुटुंबांमध्ये अंडं वर्ज्य आहे, त्यांनी सदर प्रयोग कशा प्रकारे करावा?"

मार्गदर्शकांनी बादलीतल्या अंड्याकडे पाहिलं. मंचावर बसलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते. "बटाटाही चालेल," ते म्हणाले.

नाश्त्याच्या वेळी मी पाहिलं, त्यांनी अंडं रुमालाने नीट पुसलं आणि पुन्हा कापसात ठेवून डबीत बंद केलं. दुसऱ्या गावी दुसऱ्या दिवशी हाच कार्यक्रम असणार. मला त्यांच्या काटकसरीचं कौतुक वाटलं.

घरी येताना मोठी आई माझ्या खांद्याला धरून चालत होती. ती बायकांमध्ये पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. फाटकाशी आल्यावर तिने दादाला थांबवलं.

"माहं धान टाक त्या पाण्यात. बुडलं तं बांधी माही. तरंगलं तं तुही. मंग मी बोलणार नाई."

"रायते का तुह्यानं न बोलणं?"

"बांधीबद्दल नाई बोलणार."

दादा हसला. मला ते हसणं आवडलं नाही, पण सौदा तिनेच केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निळा ड्रम आडवा कापून केलेला टब दादाने अंगणात मांडला आणि त्यात पाणी भरलं. मीठ म्हणून लोणच्यासाठी आणलेलं जाडं मीठ आलं. कैऱ्या चिरून झाल्या होत्या, फोडी फडक्यावर पसरल्या होत्या, आणि मिठाचं पोतं भिंतीला टेकून उभं होतं. बटाटा वहिनीच्या टोपलीतून आला. हिवाळ्यातला, सुरकुतलेला, कोंब फुटलेला. दादाने तो पाण्यात सोडला आणि तो गोट्यासारखा तळाला गेला.

दादाने मीठ टाकलं, काठीने ढवळलं. बटाटा हलला नाही. आणखी मीठ, आणखी ढवळणं. मग मुठी सोडून त्याने वाटी घेतली आणि वाटी सोडून डबा घेतला.

"लोणच्याचं मीठ आहे ते," वहिनी दारातून म्हणाली.

"आणू न दुसरं."

"आणाच. फोडी का तुमच्या बटाट्यासाठी थांबून राहतीन?"

शेवटी बटाटा उठला. एक कोंब पाण्याबाहेर काढून तो सावकाश फिरत राहिला. दादाने हात पुसले आणि आपलं बियाणं टाकलं. ते जाड, बिनकुसळी धान होतं, गेल्या वर्षीच्या पिकातून राखलेलं. त्यातलं बरंच खाली गेलं, पण वरही साय धरावी तसा थर आला. दादा नाराज झाला नाही. उलट चाळणीने तो थर काढताना खूश दिसला. "पाहा, किती कचरा निघाला," तो म्हणाला, तळाचं धान काढून लगेच धुतलं आणि वर आलेलं म्हशीपुढे टाकून आला. कचरा जितका जास्त तितकी परीक्षा कडक, असं त्याला वाटलं असावं. शाळेत निकाल कमी लागला की आमचे मुख्याध्यापकही असंच समाधान मानायचे.

मग मोठ्या आईने मडकं आणलं. तोंडाचा मातीचा लेप तिने स्वतः फोडला, आत ठेवलेला कडुलिंबाचा वाळका पाला बाजूला काढला आणि धान टबात ओतलं.

सगळं वर राहिलं. सगळं म्हणजे तळाला पसाभर दाणे दिसत होते, बाकी पिवळ्या कुसळांचा थर पाण्यावर जाजमासारखा पसरला होता. दादाने काठीने ढवळलं. जाजम फिरलं आणि पुन्हा पसरलं.

मोठी आई टबाच्या काठावर हात ठेवून वाकून पाहत होती. मग ती सरळ झाली.

"तरंगलं," ती म्हणाली. "झाली तुही बांधी."

ती ओसरीवर जाऊन बसली. वाद घातला असता, बटाट्याला नावं ठेवली असती, तर बरं झालं असतं. तिने शब्द पाळला त्यामुळे दादाचाही चेहरा उतरला. "खावाले ठेवू न ते," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "धुवून, वाळवून, कुटून खाऊ. चांगला वास येते." जे पेरायचं ते खायचं म्हणजे काय, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

मी टबाजवळच उभा होतो. वस्तू पाण्यात शिरली की आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. सारलेलं पाणी वस्तूपेक्षा वजनदार असेल तर वस्तू वर राहते, हलकं असेल तर खाली जाते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं. लिंबू आणि खिळा घेऊन दाखवलंही. पोचट दाणा भरलेल्या दाण्याएवढीच जागा अडवतो, पण आत काही नसतं, म्हणून पाणी त्याला खाली येऊ देत नाही. मंचावर बसणाऱ्यांना ही परीक्षा नसते, म्हणून तिथे सगळे दाणे सारखेच दिसतात. पण फळ्यावरच्या त्या लिंबामागे कोणाची बांधी नव्हती, त्यामुळे वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी कधी नीट तपासला नव्हता. सारलेलं पाणी किती वजनदार, हा तो भाग. ते पाण्यात काय विरघळवलं आहे त्यावर ठरतं. आणि काय विरघळवलं आहे ते वहिनीला माहीत होतं.

"काल त्या साहेबानं बादलीले अर्धी पुडी लावली," ती रिकाम्या पोत्याचं तोंड उघडून आत पाहत म्हणाली. "अन् तुमच्या टबाले पोतं. टब का बादलीपेक्षा एवढा मोठा आहे, भाऊजी?"

टब तीन बादल्यांचा होता. मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि लगेच थुंकलो. आमच्या लोणच्याच्या खारातसुद्धा एवढं मीठ नसतं.

"दादा, धान बाहेर काढ," मी म्हणालो. "आधी बाहेर काढ, मग बोलू."

ते पाणी बियाण्याला मारणार एवढं मला नक्की कळत होतं. दोघांनी मिळून धान चाळणीने काढलं आणि हातपंपावर नेलं. मोठी आई उठून आली. दादा हापसत राहिला आणि ती टोपलीतलं धान वरखाली करत धूत राहिली. प्रत्येक वेळी एक दाणा उचलून चाखायची आणि मान हलवायची. शेवटी एकदा तिने मान हलवली नाही, तेव्हा आम्ही थांबलो.

"काऊन काढलं?" दादाने मला विचारलं. "निकाल तं लागला."

"पाणीच चुकलं असेल तर?"

"साहेबानं सांगितलं न, बटाटा चालते."

"अंडं आणून पाहू."

मोठ्या आईने माझ्याकडे पाहिलं. माझं स्टेशनबाहेरचं सगळं आयुष्य तिला माहीत आहे हे मला त्या क्षणी समजलं.

"फाटकाच्या बाहेर," ती म्हणाली. "अन् माह्या घरची बादली नोको."

बादली शेजारणीकडून आली. शेजारणीने कोंबडीखालून काढलेलं त्या सकाळचं अंडंही दिलं, आणि तमाशा पाहायला स्वतःही आली. दुसरं अंडं मी चौकातल्या टपरीवरून आणलं. उन्हाळ्यात ते तिथे ट्रेमध्ये कधीपासून बसलं होतं हे टपरीवाल्यालाही सांगता आलं नाही. मिठाची पुडी किराणा दुकानातली. मोठी आई फाटकाच्या आत, आम्ही बाहेर, मधे तिची सीमा.

मी बादलीत अर्ध्या पुडीहून थोडं कमी मीठ विरघळवलं. तसं करताना मला ते 'तीन टक्के' आठवले, आणि हिशेब जवळपास तेवढाच येत होता. आधी शेजारणीचं ताजं अंडं सोडलं. ते सरळ तळाला जाऊन आडवं झालं. मग टपरीवरचं सोडलं. ते खाली जाता जाता थांबलं, उभं राहिलं आणि हळूहळू वर येऊन डोकं काढून बसलं.

"एकाच कोंबडीचे असते तं भांडले असते," शेजारीण म्हणाली.

मला डबीतला कापूस आठवला. अंडं जुनं होत जातं तसं आतून सुकतं, हवेची जागा वाढते, कवच मात्र तेवढंच राहतं. म्हणजे अनुभव वाढला की वजन घटतं आणि जागा पूर्वीएवढीच लागते. निवृत्त माणसाने हा विचार फार पुढे नेऊ नये. मार्गदर्शकांचं अंडं गावोगावी तरंगून तयार झालेलं होतं, म्हणून ते थोड्या मिठात वर आलं आणि पाणी आपोआप बरोबर झालं. त्या पाण्यात ताजं अंडं बुडालं असतं, आणि सुरकुतलेला बटाटा तर वर यायचा विचारही करत नाही. त्याला उचलायचं तर पाणी एवढं जड करावं लागतं की बारीक, कुसळाचं धान, भरलेलं असलं तरी, त्यावर आरामात पडून राहतं. गावातल्या अंडं खाणाऱ्या घरांनी टपरीवरचं अंडं वापरलं असणार. चूक झाली ती आमच्यासारख्या सोवळ्या घरांत.

हे सगळं मी दादाला सांगितलं. मग टब रिकामा करून त्यात त्याच प्रमाणात मिठाचं पाणी केलं, मोठ्या आईचं धान त्यात टाकलं आणि या वेळी हाताने चांगलं चोळून ढवळलं, कारण कुसळांत हवेचे बुडबुडे अडकतात. धान बुडालं. वर विरळ थर राहिला, त्यातले दाणे दाबले तर फुसके निघाले. ते खरे पोचट होते.

मोठी आई फाटकाशी उभी राहून पाहत होती. दादा टबाकडे पाहत होता.

"हे खरं नाई," तो म्हणाला. "पाणी पातळ करत गेलं तं काईबी बुडन. तुमाले जे पायजे ते होईपर्यंत पाणी बदलवून राहिले तुमी. अशी पास करायची असन तं परीक्षा कायले घ्यायची?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. उत्तीर्ण होण्याची रेघ खाली ओढणं मी शाळेत पाहिलं होतं, विशेषतः कार्यक्रमांना प्रमुख पाहुणे होणाऱ्यांची मुलं वर्गात असली की. माझ्या मते हे पाणी बरोबर होतं. पण माझ्या मते, एवढंच. आणि मला मोठ्या आईने बांधी राखावी असं वाटत होतं, हे दादालाही दिसत होतं.

मोठी आई म्हणाली, "तुहं जे तरंगलं, ते कुठी आहे?"

"म्हशीपुढं."

"समदं खाल्लं तिनं?"

दादाने गोठ्याकडे पाहिलं. "अर्धं असन."

"उरलं ते आण. याच पाण्यात टाक."

दादा उभाच राहिला. वहिनी गोठ्यात गेली आणि म्हशीच्या गव्हाणीतून उरलेलं धान टोपलीत घेऊन आली. म्हैस टोपलीकडे पाहत ओरडली. तिला इतका चविष्ट चारा आजवर मिळाला नव्हता. मोठ्या आईचं धान मी तोवर उपसून टोपलीत काढलं होतं. वहिनीने हे धान धुतलं आणि टबात ओतलं. ते गेलं खाली, सगळंच्या सगळं म्हणावं इतकं. दोनचार काड्या तेवढ्या वर राहिल्या.

दादा बराच वेळ वाकून पाहत होता. सकाळी ज्याला त्याने कचरा म्हटलं होतं ते टबाच्या तळाशी जाड, पिवळं, ठणठणीत बसलं होतं.

"सांग आता," मोठी आई म्हणाली. "हे पाणी खरं, का ते?"

ते पाणी खरं असेल तर हे धान पुन्हा म्हशीपुढे जाणार होतं. हे पाणी खरं असेल तर तळ्याखालची बांधी जाणार होती. दादाने टबात हात घातला, मूठभर धान वर काढलं, पाणी निथळू दिलं, दाणे बोटांनी चाळले. शेतकऱ्याने चांगलं बियाणं हातात घेतल्यावर त्याच्या तोंडून काही खोटं निघत नाही असं नाही, पण त्या वेळी निघालं नाही.

"हे," तो म्हणाला.

"मंग बांधी?"

"तुहीच न. कितीदा विचारते?"

"एकदाच इचारलं," ती म्हणाली आणि आत जाऊन धान वाळवायला फडकं शोधू लागली. फडक्यावर कैरीच्या फोडी होत्या. त्या वहिनीने हलवल्या नाहीत, म्हणून धान माझ्या धोतरावर वाळलं.

म्हैस दिवसभर पाणी पीत राहिली. एवढा दंड सोडला तर प्रकरण मिटलं असं मला वाटलं, पण ते मिटलं नव्हतं. आमचं बोलणं होईपर्यंत मोठ्या आईचं धान त्या जड पाण्यात बसलेलं होतं, आणि मीठ काय करून गेलं ते धुण्याने कळणार नव्हतं. तिने धान भिजवून ओल्या पोत्यात बांधलं, वर दगड ठेवला. अंकुर फुटायच्या दिवशी ती सकाळी पोतं सोडायला बसली तेव्हा दादा बैल पाहायला म्हणून अंगणात आला. आमच्याकडचे बैल केव्हाच विकले आहेत.

पोत्यात पांढरे ठिपके होते, पण सगळीकडे नव्हते. तिने मूठ भरली, बाजूला केली, दुसरी भरली. दादा तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"निंगालं काई," तो म्हणाला.

"काई निंगालं," ती म्हणाली. "काई बसलं."

पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, विरळ आली. गादीवाफ्यावर मधे मधे टक्कल पडल्यासारखं होतं. रोवणीच्या वेळी तिने एका जागी रोवायची रोपं कमी करून ताणून ताणून लावली, तरी सडकेकडची पट्टी उरलीच. तिथे काय लावायचं हे कोणी विचारलं नाही. दादा आपले पऱ्हे डोक्यावर घेऊन आला आणि ती पट्टी त्याने लावली. त्याचा बोर्ड त्याच पट्टीत उभा राहिला. बोर्डावर जे लिहिलं होतं तेच बोर्डाच्या पायाशी उभं होतं, त्यामुळे कोणाला हसायला जागा राहिली नाही. पट्टीच्या मागे सगळी बांधी बुढीच्या धानाची होती.

धान निसवल्यावर, म्हणजे लोंब्या बाहेर आल्यावर, पाहुणे प्रात्यक्षिक पाहायला आले, तेव्हा मीही गावीच होतो. प्रमुख पाहुणे गाडीतून उतरून बोर्डापाशी उभे राहिले, फोटो झाला, आणि तळ्याकडून वारा आला. पाहुण्यांनी मान वळवली. "वास कशाचा येतो हो?" ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मनाने विचारलेला तो एकच प्रश्न होता.

मी दादाकडे पाहिलं. माइक नव्हता, पण त्याने आवाज लावला. "सदर प्रात्यक्षिकात पारंपरिक सुगंधी वाणाच्या संवर्धनाचाही अंतर्भाव करण्यात आलेला आहे."

मोठी आई धुऱ्यावर छत्री टेकून उभी होती. तिला त्यातलं किती समजलं माहीत नाही. "का म्हणून राहिला?" तिने मला हळूच विचारलं.

"तुझं धान चांगलं आहे म्हणतो."

"मंग तसंच सांग म्हणा."

त्याबद्दल दादाला आणखी एक शाल मिळाली. ही शाल ट्रंकेत गेली नाही. दादाने ती घरी आल्यावर मोठ्या आईच्या मांडीवर ठेवली आणि हातपाय धुवायला गेला. मोठ्या आईने ती उलटीपालटी केली, जरीचा काठ बोटाने घासून पाहिला. नंतर नवं बियाणं मडक्यात भरलं तेव्हा लेप घालायच्या आधी तिने त्या शालीचा तुकडा फाडून तोंडाला बांधला. उरलेली अजून बांधायच्या कामी येते.

यंदा जूनमध्ये मी गावी पोचलो तेव्हा टब अंगणात मांडलेला होता, पाणी भरलेलं होतं आणि लोणच्याचं मिठाचं पोतं भिंतीशी आलेलं होतं. बटाटा कुठे दिसत नव्हता, अंडंही नव्हतं. वहिनीने किराण्याच्या तराजूवर तोलून आणलेलं मीठ एका वाटग्यात दिलं आणि मोठ्या आईने ते स्वतः टबात ओतलं. दादाने ढवळलं, जिभेला लावून पाहिलं.

"थोडंसं आणखी पायजे का?" तो मला म्हणाला. "साधं वाटून राहिलं मले."

मी उत्तर द्यायच्या आत मोठी आई काठी टेकत भिंतीकडे गेली, मिठाच्या पोत्याची कड आत दुमडली, आणि त्यावर बसली. धान टाकून, ढवळून, चाळून होईपर्यंत ती तिथून उठली नाही. चहाही तिने तिथेच घेतला.